वारा धूळ कशी उचलतो: थरच्या वाळवंटात मोजणी करण्याची पद्धत

वाळवंटातली धूळ मोजायला निघालेला माणूस बहुतेक वेळा धूळ मोजणारं यंत्र घेऊन निघतो. सुरुवात वाळूपासून करायला हवी, कारण धुळीचा बारीक कण एकट्या वाऱ्याला सहसा उचलता येत नाही. दहा-वीस मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण एकमेकांना आणि शेजारच्या मोठ्या कणांना चिकटलेले असतात. त्यांच्या वजनाच्या मानाने हे चिकटणं फार बळकट असतं. मोठे कण चिकटत नाहीत, पण जड असतात. या दोन अडचणींच्या मधला, साधारण ७५ ते १०० मायक्रॉनचा कण वाऱ्याला सर्वांत आधी सापडतो.

पुढचं काम हे वाळूचे कण करतात. साधारण ७० ते ५०० मायक्रॉनचा कण उडी मारतो, वरच्या वेगवान हवेत वेग घेतो आणि तिरका खाली येऊन जमिनीवर आपटतो. त्या माऱ्याने पोपडी फुटते, मातीचे बारीक गोळे फुटतात आणि चिकटून बसलेली धूळ सुटते. सुटलेली धूळ मग हवेतल्या भोवऱ्यांच्या हाती जाते. ५०० मायक्रॉनहून मोठे कण उडत नाहीत, धक्के खात जमिनीवरून सरकत राहतात. म्हणून धुळीचा हिशेब लावायचा तर चार गोष्टी हाताशी हव्यात: जमीन किती सैल आहे, वारा जमिनीला किती ताकदीने घासतो, वाळू किती वाहते आणि त्यातून धूळ किती सुटते. खालची पद्धत याच क्रमाने जाते. उदाहरणं पश्चिम राजस्थानातल्या एप्रिल ते जूनच्या हंगामाला धरून दिली आहेत. त्या महिन्यांत जमीन कोरडी असते, गुरांच्या खुरांनी मोकळी झालेली असते आणि नैऋत्येचा वारा जोरात असतो.

जागा

वालुकागिरीच्या, म्हणजे तिथल्या भाषेत धोऱ्याच्या, माथ्यावर सापळा लावला तर वाळू भरपूर मिळेल, धूळ फारशी नाही. तिथली धूळ वाऱ्याने केव्हाच धुऊन नेलेली असते. खरी धूळ देणाऱ्या जागा म्हणजे दोन धोऱ्यांमधली पडीक शेतं, वाळूत पोयटा मिसळलेली जमीन आणि लूणीसारख्या नदीचं कोरडं पात्र. हातोडा म्हणून वाळू आणि सुटण्यासाठी धूळ, दोन्ही एकाच जागी असावी लागतात.

वाऱ्याच्या दिशेला मोकळं मैदान हवं. वाळूचा प्रवाह पहिल्या काही मीटरांत वाढत जातो, कारण एक कण आपटून आणखी कण उडवतो. मोकळ्या वाळूवर हा प्रवाह दहा-वीस मीटरांत स्थिरावतो, शेतजमिनीवर मात्र शंभर-दोनशे मीटरही लागतात. झाड, बांध किंवा झोपडी वाऱ्याच्या बाजूला असेल तर तिच्या उंचीच्या किमान २५ पट अंतर ठेवा. चार मीटर उंचीच्या खेजडीपासून शंभर मीटर दूर. जैसलमेर, बाडमेर आणि बिकानेर हे सीमेवरचे जिल्हे आहेत. तिथे खांब आणि उपकरणं उभारण्याआधी स्थानिक प्रशासनाची लेखी परवानगी घ्या. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत, म्हणजे काझरीत, या विषयावर दीर्घकाळ काम झालं आहे. तिथे विचारून जागा ठरवली तर पुष्कळ वणवण वाचते.

जमीन तपासणं

आधी पोपडी पाहा. सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ३० सेंटीमीटरवरून जमिनीवर सोडा. गोळी पडल्यावर पोपडी तडकली नाही आणि सैल माती वर आली नाही, तर ती जागा सध्या सुरक्षित आहे. एका चौकोनात तीन ठिकाणी गोळी टाका आणि असे किमान दहा चौकोन तपासा. एकाच शेतात गुरांच्या वाटेवर पोपडी फुटलेली आणि दहा पावलांवर शाबूत, असं नेहमी दिसतं. धूळ त्या वाटेवरून निघते, म्हणून सरासरी काढताना वाटांचं क्षेत्रफळ वेगळं धरा.

मग चाळणी. ३० × ३० सेंटीमीटर जागेतली वरची एक सेंटीमीटर सैल माती हलक्या हाताने गोळा करा आणि सेंटीमीटरहून मोठे खडे काढून टाका. ४, २, १, ०.५ आणि ०.२५ मिलिमीटरच्या चाळण्या एकावर एक रचा, खाली तबकडी ठेवा. झाकण लावून हाताने सपाट गोल फिरवा: दहा वेळा उजवीकडे, दहा वेळा डावीकडे. कण चाळणीवर जेमतेम सरकतील एवढाच वेग असावा. वर-खाली झटकू नका आणि यंत्रावर ठेवू नका, कारण मातीचे गोळे फुटतात आणि जमीन आहे त्यापेक्षा सैल भासते. सर्वांत जास्त माल कुठल्या चाळणीवर अडकला त्यावरून उंबरठा, म्हणजे कण हलू लागण्यासाठी लागणारा किमान वेग, ठरतो: २ मिमीवर असेल तर सेकंदाला १०० सेंटीमीटर, १ मिमीवर ७६, ०.५ वर ५८, ०.२५ वर ४३ आणि तळाच्या तबकडीत असेल तर सुमारे ३०. हे आकडे हवेच्या वेगाचे नाहीत, घर्षण वेगाचे, म्हणजे वारा जमिनीला किती ताकदीने घासतो ते सांगणाऱ्या वेगाचे आहेत. त्याची गाठ पुढे सुटते.

मोकळ्या, एकसारख्या वाळूसाठी थेट हिशेब करता येतो. इंग्लंडच्या बॅगनॉल्ड यांनी इजिप्त-लिबियाच्या वाळवंटातल्या अनुभवाला पवन-बोगद्यातल्या प्रयोगांची जोड देऊन १९४१ साली हे सूत्र मांडलं. कणाची घनता भागिले हवेची घनता, गुणिले गुरुत्वाकर्षण, गुणिले कणाचा व्यास; याचं वर्गमूळ काढून ०.१ ने गुणायचं. चाळीस अंश तापमानाला थरमधल्या हवेची घनता घनमीटरला १.१ किलो धरा, वाळूची २६५०. २०० मायक्रॉनच्या कणासाठी उत्तर सेकंदाला ०.२२ मीटर येतं. दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्यात सांगायचं तर ताशी सुमारे २१ किलोमीटर.

ओलाव्याकडे दुर्लक्ष करू नका. फक्त वरच्या एक सेंटीमीटर थराचा नमुना डब्यात बंद करून आणा, वजन करा, १०५ अंशांवर २४ तास वाळवा, पुन्हा वजन करा. चिकणमातीच्या टक्केवारीवर थोडं पाणी 'फुकट' मुरतं, त्यापुढचं पाणी कणांना बांधतं. हे फुकटचं प्रमाण म्हणजे ०.००१४ गुणिले चिकणमातीच्या टक्क्यांचा वर्ग, अधिक ०.१७ गुणिले चिकणमातीचे टक्के. पाच टक्के चिकणमातीच्या जमिनीत ते ०.९ टक्के येतं. प्रत्यक्ष ओलावा दोन टक्के असेल तर जास्तीचे १.१ टक्के उरतात, त्याचा ०.६८ घात काढा, १.२१ ने गुणा, १ मिळवा, वर्गमूळ घ्या. उत्तर सुमारे १.५. म्हणजे उंबरठा दीडपट झाला: ०.२२ चा ०.३३, आणि दहा मीटरवरचा वारा ताशी २१ वरून ३१ किलोमीटर. सकाळी ओल्या जमिनीवर घेतलेला नमुना दुपारच्या आंधीला लावला तर सगळा हिशेब चुकतो. नमुना वाऱ्याच्याच वेळी घ्या.

वारा मोजणं

एका उंचीवरचा वेग पुरत नाही. जमिनीला वारा किती ताकदीने घासतो हे उंचीनुसार वेग कसा वाढतो त्यावरून कळतं. एका खांबावर ०.५, १, २ आणि ४ मीटरवर कपांचे वेगमापक बसवा. किमान दोन तरी हवेतच. अर्ध्या मीटरच्या खाली बसवू नका. तिथे उडणारी वाळू वेगाची रचना बिघडवते आणि बेअरिंगही खाते.

घर्षण वेग = ०.४ × (वरचा वेग − खालचा वेग) ÷ (दोन उंचींच्या भागाकाराचं नैसर्गिक लॉगॅरिदम).

समजा ०.५ मीटरवर ५.२ आणि २ मीटरवर ६.४ मीटर प्रति सेकंद मिळाले. फरक १.२, उंचींचा भागाकार ४, त्याचं लॉगॅरिदम १.३८६. घर्षण वेग ०.३५ आला. आता याच आकड्यांवरून वेग ज्या उंचीवर शून्य होतो ती उंची काढा. इथे ती १.२ मिलिमीटर येते. वाळू हलण्याआधी सपाट वाळूवर हा आकडा साधारण ०.३ मिलिमीटर असतो. वाळू उडू लागली की तो वाढतो, कारण उडणारे कण वाऱ्याचा वेग शोषून घेतात. तुमचा आकडा दहा सेंटीमीटर आला तर जमीन खडबडीत नाही, वेगमापक चुकला आहे.

याच पायरीवर सर्वाधिक मोजण्या फुकट जातात. वरच्या उदाहरणात वेगांच्या फरकात फक्त ०.२ मीटरची चूक होऊन १.२ ऐवजी १.४ आले, तर घर्षण वेग ०.४० होतो आणि पुढे वाळूचा वाहण्याचा दर सेकंदाला १२ ग्रॅमवरून २१ ग्रॅमवर जातो. म्हणून खांबावर चढवण्याआधी सगळे वेगमापक एका उंचीवर शेजारी-शेजारी ठेवून काही तास चालवा आणि प्रत्येकाला दुरुस्तीचा गुणक द्या. मोहीम संपल्यावर हेच पुन्हा करा. वाळूने कप घासले गेलेले असतात आणि बेअरिंग जड झालेलं असतं. सरासरी १० ते १५ मिनिटांची घ्या. वारा मंद आणि ऊन कडक असताना तापलेली हवा वर उसळते, तेव्हा हे सूत्र लागू पडत नाही. ते आकडे वगळा.

वाळूचा सापळा

बाजारातली उपकरणं महाग आहेत. बाटलीचा सापळा स्वस्तात होतो आणि वाळूसाठी त्याची कार्यक्षमता उत्तम आहे. लागणारं सामान: १०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या, आतून ८ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळ्या, गरम गोंद किंवा सिलिकॉन, एक मीटरहून उंच लोखंडी खांब, बेअरिंग आणि पत्र्याचं शेपूट.

बाटलीच्या झाकणाला दोन भोकं पाडा. प्रत्येकातून काटकोनात वाकवलेली नळी घाला: एकीचं तोंड वाऱ्याकडे, दुसरीचं उलट्या दिशेला. आतलं टोक झाकणाच्या जेमतेम खाली ठेवा. वारा एका नळीने आत शिरतो, बाटलीत जागा मोठी असल्याने त्याचा वेग एकदम पडतो, माल खाली बसतो आणि हवा दुसऱ्या नळीने निघून जाते. गोंदात एखादी फट राहिली तर हवा तिथून पळते आणि माल कमी भरतो. प्रत्येक बाटली पाण्यात बुडवून, एक नळी बोटाने बंद करून दुसरीतून फुंकून पाहा. बुडबुडे आले तर पुन्हा चिकटवा.

अशा पाच बाटल्या ५, १०, २५, ५० आणि १०० सेंटीमीटरवर खांबाला बांधा. खांब बेअरिंगवर मोकळा फिरला पाहिजे आणि शेपटाने तोंड वाऱ्याकडे वळलं पाहिजे. बेअरिंगवर ग्रीस लावू नका, वाळू चिकटून ते अडकतं. कोरडं ग्रॅफाइट वापरा. लोखंडी खांबाला तारेने अर्थिंग द्या. उडणारे कण एकमेकांवर घासून विद्युतभारित होतात आणि जोरदार वाऱ्यात जमिनीलगतचं विद्युतक्षेत्र मीटरला एक लाख व्होल्टच्याही वर गेल्याची नोंद आहे. त्यामुळे धक्के बसतात आणि नोंदयंत्रं बंद पडतात.

बाटली बसवताना आणि काढताना जमिनीपासून नळीच्या तोंडापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये लिहा. खांबाच्या बुडाशी वारा खड्डा करतो. पाच सेंटीमीटरवर लावलेली बाटली संध्याकाळी आठ सेंटीमीटरवर असते. ही नोंद नसेल तर खालच्या बाटलीचा आकडा निरुपयोगी. बाटली अर्धी भरण्याआधी बदला. शेळ्यांपासून राखण ठेवा.

हिशेब

वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या तराजूवर करा. समजा एका आंधीनंतर ५ सेंटीमीटरवर ६० ग्रॅम, १० वर २४ ग्रॅम, २५ वर १.५ ग्रॅम आणि ५० वर ०.१ ग्रॅम मिळाले. उडणाऱ्या वाळूचं प्रमाण उंचीनुसार ठरावीक पटीत घटतं. ५ ते १० सेंटीमीटरमध्ये ते अडीचपट घटलं. ५ भागिले २.५ चं लॉगॅरिदम (०.९१६) म्हणजे ५.५ सेंटीमीटर. ही वाळूच्या थराची सरासरी उंची. २५ सेंटीमीटरचा आकडा याच पटीत बसतो. ५० सेंटीमीटरवर मात्र या हिशेबाने जेमतेम ०.०२ ग्रॅम यायला हवं होतं, मिळालं पाचपट जास्त. ही चूक समजून दुरुस्त करू नका. त्या उंचीवरचा माल वाळू नाही, तरंगणारी धूळ आहे आणि तिची घट वेगळ्या नियमाने होते.

वाळूचा एकूण दर काढण्यासाठी जमिनीवरचा आकडा काढा: ६० × २.५ = १५० ग्रॅम. नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.५ चौरस सेंटीमीटर, म्हणून चौरस सेंटीमीटरला सुमारे ३०० ग्रॅम. याला ५.५ सेंटीमीटरने गुणलं की प्रत्येक सेंटीमीटर रुंदीतून सुमारे १,६५० ग्रॅम, म्हणजे मीटर रुंदीला १६५ किलो वाळू गेली.

आता हे वाऱ्याच्या सूत्राशी ताडून पाहा. २.६१ × हवेची घनता ÷ ९.८१ × (घर्षण वेग − उंबरठा) × (घर्षण वेग + उंबरठा) चा वर्ग. ०.३५ आणि ०.२२ घातले की मीटर रुंदीला सेकंदाला सुमारे १२ ग्रॅम, तासाला ४३ किलो. वारा त्याच जोरात पावणेचार-चार तास वाहिला असेल तर दोन्ही उत्तरं जुळतात. सूत्राचं उत्तर सापळ्यापेक्षा कितीतरी जास्त आलं तर बहुधा वाळूचा पुरवठा कमी पडतो आहे: पोपडी शाबूत आहे किंवा वाऱ्याच्या बाजूचं मैदान अपुरं आहे. सापळ्याचं उत्तर जास्त आलं तर खालची उंची पुन्हा तपासा.

उंबरठा प्रत्यक्ष पाहणं

चाळणीने आणि सूत्राने काढलेला उंबरठा हा अंदाज आहे. खरा उंबरठा जमिनीलाच विचारता येतो. घड्याळाच्या बझरमध्ये असते तशी २७ मिलिमीटरची पिझो चकती (ठोका बसला की वीज देणारी) पाच सेंटीमीटर उंचीवर वाऱ्याकडे तोंड करून बसवा, तिला १ मेगाओमचा रोध आणि ५.१ व्होल्टचा झेनर डायोड जोडा आणि आर्डुइनो या छोट्या संगणक-पट्टीवर दर सेकंदाला किती ठोके पडले ते नोंदवा. त्याच वेळी २ मीटरवरचा वारा दर सेकंदाला नोंदवा. १५ मिनिटांत, म्हणजे ९०० सेकंदांत, २७० सेकंदांमध्ये ठोके आले असतील तर वाळू ३० टक्के वेळ हलत होती. आता वाऱ्याचे ९०० आकडे उतरत्या क्रमाने, सर्वांत मोठा आधी, असे लावा आणि २७०वा आकडा पाहा. तोच त्या जमिनीचा त्या दिवशीचा उंबरठा, २ मीटरवरच्या वाऱ्यात सांगितलेला. सर्व वेळ ठोके आले किंवा एकही आला नाही तर ही पद्धत चालत नाही. अधूनमधून वाळू हलणारी पंधरा मिनिटं निवडा. पावसाचा थेंबही ठोका देतो हे ध्यानात ठेवा.

धूळ

आता धूळ मोजण्याची वेळ. दोन उंचींवर हवेतली धूळ मोजायची आणि खालची वजा वरची करायची. उचलली जाणारी धूळ = ०.४ × घर्षण वेग × (खालचं प्रमाण − वरचं प्रमाण) ÷ (उंचींच्या भागाकाराचं लॉगॅरिदम). १ मीटरवर घनमीटरला २.४ मिलिग्रॅम आणि ३ मीटरवर १.६ असतील, घर्षण वेग ०.३५ असेल, तर चौरस मीटरमधून सेकंदाला ०.१ मिलिग्रॅम धूळ वर जाते आहे. आकडा छोटा दिसतो, पण एका चौरस किलोमीटरमधून तासाला ३६० किलो होतात.

पंख्याने हवा ओढणारे स्वस्त लेझर सेन्सर इथे वापरू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. ते शहरातल्या धुरासाठी बरे आहेत, २.५ ते १० मायक्रॉनचे जाड कण त्यांना नीट दिसत नाहीत, आणि वाळवंटी धुळीचं बहुतेक वजन याच आणि याहून मोठ्या कणांत असतं. हवा ओढून गाळणीवर धूळ साठवणारा पंप घ्या, गाळणी आधी-नंतर वजन करा. दोन्ही उंचींवरची यंत्रं अर्ध्या वेळाने अदलाबदल करा, म्हणजे यंत्रायंत्रातला फरक निघून जातो.

५० आणि १०० सेंटीमीटरच्या बाटल्यांतली धूळ मात्र जपून ठेवा. तिच्या कणांचे आकार मोजताना पाण्यात रसायन घालून ढवळू नका. रसायनाने गोळे फुटून चिकणमाती सुटी होते, पण हवेतून ती गोळ्यांच्याच रूपात गेली होती. वाऱ्याने जे वाहिलं त्याचा आकार हवा असेल तर कोरडं किंवा अगदी सौम्य ढवळलेलं मोजा. या बाटल्या सगळी धूळ पकडत नाहीत. बारीक कण हवेसोबत मागच्या नळीने निघून जातात. म्हणून बाटलीवरून धुळीचा एकूण आकडा काढू नये, प्रकार ओळखावा.

धूळ किती लांब जाईल

शांत हवेत १० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर खाली येतो. एक किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला जवळजवळ ३५ तास लागतात. २० मायक्रॉनचा कण पावणेनऊ तासांत पोचतो, ५० मायक्रॉनचा दीड तासाच्या आत. २ मायक्रॉनच्या कणाला महिन्याहून जास्त वेळ लागतो, त्याला बहुधा पाऊसच खाली आणतो. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा ३५ तासांत १,२६० किलोमीटर जातो. कराची किंवा जैसलमेरपासून मुंबई सुमारे ९०० किलोमीटर आहे. जानेवारी २०२२ मध्ये कराचीकडून उठलेली धूळ अरबी समुद्रावरून सौराष्ट्रात आणि मुंबईत उतरली, दृश्यता घटली, गाड्यांवर पांढुरका थर बसला. तो प्रवास या हिशेबात चपखल बसतो.

अशी धूळ आपल्याकडे आली तर ती कुठून आली हे पाहण्यासाठी नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर आदल्या दोन-तीन दिवसांची उपग्रहचित्रं उघडा. समुद्रावर धुळीचा पिवळट पट्टा स्वच्छ दिसतो, जमिनीवर तो मातीच्या रंगात हरवतो. जमिनीवरच्या धुळीसाठी अवरक्त किरणांवरून बनवलेलं धुळीचं चित्र वापरा, त्यात धूळ गुलाबी-किरमिजी दिसते आणि रात्रीही दिसते. मग हायस्प्लिट या मोफत प्रणालीवर तुमच्या गावापासून ७२ तास मागे जाणारे हवेचे मार्ग काढा: ५००, १,००० आणि १,५०० मीटर उंचीवरचे. तिन्ही मार्ग एकाच दिशेला गेले तर उगम जवळपास पक्का. ते फाकले तर उपग्रहचित्रातल्या पट्ट्याशी जो जुळतो तो धरा. उन्हाळ्यात वादळी ढगाखालून सुटलेला थंड वारा गावाबाहेरच्या मोकळ्या रानातली आणि बांधकामांवरची माती उडवतो, ती अर्ध्या तासात बसते. तिचा थरशी संबंध जोडू नये. घराच्या गच्चीवर रुंद ताटात काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरून ठेवले तर लांबून आलेली बारीक धूळ त्यांच्या फटींत बसते आणि पुन्हा उडत नाही. ऊर्ध्वपातित पाण्याने गोट्या धुवून ते पाणी आटवा, उरलेल्या धुळीचं वजन ताटाच्या क्षेत्रफळाने भागा. ताट पाऊस नसलेल्या दिवसांतच ठेवा आणि शेजारी गच्चीचं काम चालू नाही ना, ते आधी पाहा.